मानेतली गाठ कशी शोधायची, कशी सोडवायची

सोलापुरात माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. एकवीस वर्षं झाली. पूर्व भागातून, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून बायका येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच मानेमागे हात नेऊन दाखवतात, "मॅडम, इथं शीर चढलीय. तेवढी उतरवून द्या." शिवणकाम करणारे, पेपर तपासणारे शिक्षक, बँकेत दिवसभर काउंटरवर बसणारे असे सगळेच तिथंच बोट ठेवतात. मानेचा आणि खांद्याचा जिथं कोन होतो ना, बरोबर तिथं. हाताला सुपारीएवढं काहीतरी टणक लागतं. ती शीर नसते. तो तुमचा स्नायू असतो, आणि त्यातला एक छोटासा भाग आखडून बसलेला असतो. त्याला आम्ही ट्रिगर पॉइंट म्हणतो. रुग्णांसारखीच मीही त्याला गाठ म्हणते, पण ही गाठ कॅन्सरची किंवा चरबीची नव्हे, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकते. ती भीती पुष्कळांच्या मनात असते आणि कुणी बोलून दाखवत नाही.

घरी काय आणि कसं करायचं ते पुढे सांगतेच. पण आधी कुणी घरी काहीच करायचं नाही, ते ऐका. पडल्यावर किंवा गाडीवरून आपटल्यावर मान दुखायला लागली असेल, हाताची पकड सैल पडली असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर आधी डॉक्टर. मानेसोबत ताप आहे, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, तरीही आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो. मान आणि डावा हात दुखतोय, छाती जड झालीय, घाम फुटलाय, तर गाठ दाबायला चेंडू-बिंडू शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. चक्कर येऊन डबल दिसतंय किंवा जीभ अडखळतेय, तरीही तेच. संधिवाताच्या रुग्णांनी मानेवर कुणालाही जोर लावू देऊ नये.

आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेतात, ती सवय आजपासून बंद करा. मणक्यांच्या बाजूने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्याने आतून फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित होतं, मान्य आहे. पण आवाज आला म्हणून गाठ सुटली असं होत नाही. मग इतका धोका घ्यायचाच कशाला?

गाठ शोधणं

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक अक्का आली होती. विड्या वळणारी, चाळिशीची. उजवी कानशिलं ठणकायची, डोळ्यामागे दुखायचं. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला होता, डोकेदुखीच्या गोळ्या चालूच होत्या. मी तिच्या खांद्यावरची कड चिमटीत धरून सावकाश दाबली. पाच-सहा सेकंदांत ती दचकून म्हणाली, "हेच! हेच माझं डोकं!" मी डोक्याला हातही लावला नव्हता.

दुखतं एकीकडे आणि गाठ असते दुसरीकडे. मानेच्या दुखण्यात पहिली समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. खांद्यावरचा स्नायू, ज्याला ट्रॅपेझियस म्हणतात, त्याच्या वरच्या भागातली गाठ मानेच्या बाजूने कानामागे चढते आणि कानशिलावर उतरते. मान एका बाजूला वळतच नाही, रिक्षात मागे बघायला अख्खं शरीर वळवावं लागतं, अशी तक्रार असेल तर बहुतेकदा फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, वरच्या आतल्या कोपऱ्याला चिकटलेला स्नायू जबाबदार असतो. कवटीच्या खालच्या कडेला चार छोटे स्नायू असतात, त्यांचं दुखणं डोक्याभोवती फडकं आवळल्यासारखं मागून डोळ्यापर्यंत येतं. कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा दोरीसारखा स्नायू कपाळ दुखवतो, कधी डोकं गरगरल्यासारखंही वाटतं. आणि मानेच्या बाजूचे खोल स्नायू दुखणं थेट दंडातून अंगठ्यापर्यंत पाठवतात. हे शेवटचं आणि खरोखर दबलेली नस, यांतला फरक घरी कळत नाही. मुंग्या आणि बधिरपणा असेल तर तपासून घ्या.

शोधायचं असं. खुर्चीत टेकून बसा, दुखऱ्या बाजूचा हात मांडीवर सैल सोडा. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं यांत खांद्याची कड धरा, चपातीच्या कणकेची कड उचलतो तशी. बोटं हळू पुढे-मागे सरकवा. एक ताणलेली दोरी लागेल. त्या दोरीवरून बोट नेताना एक जागा अशी येते की तुम्ही आपोआप खांदा उचलता किंवा तोंडातून "आई गं" निघतं. तिथं थांबा आणि स्वतःला विचारा: हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे का? रोज जे छळतं तेच आहे का? असेल तर जागा सापडली. नुसतं दुखतंय, पण अनोळखी आहे, तर ती सोडून द्या. दाबल्यावर दुखणाऱ्या जागा धडधाकट माणसाच्या अंगातही भरपूर असतात.

ओळखीच्या दुखण्यावर माझा एवढा भर का, तर दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाची गाठ वेगवेगळी तपासली तर त्यांचं जागेवर एकमत पुष्कळदा होत नाही. ऑस्ट्रेलियातले जॉन क्विंटनर आणि मिल्टन कोहेन हे डॉक्टर तर गेली कित्येक वर्षं म्हणताहेत की स्नायूत गाठ असते ही कल्पनाच पटण्यासारखी नाही, दुखणं मज्जातंतूंमधून येत असावं. हा वाद मिटलेला नाही आणि तो रुग्णांपासून लपवावा असं मला वाटत नाही. पण अक्काचं डोकं खांद्यातून दुखत होतं हे मी माझ्या बोटांनी अनुभवलंय. म्हणून माझ्या बोटांपेक्षा रुग्णाच्या "हेच!" वर मी जास्त विश्वास ठेवते.

दाबणं

शेक आधी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15 मिनिटं. मे महिन्यात सोलापुरात कुणाला पिशवी नको असते, तेव्हा आंघोळीला गरम पाणी खांद्यावर ओतून घेतलं तरी चालतं. मधुमेहामुळे त्वचेला गरम-गार नीट कळत नसेल तर शेक टाळा. न समजता भाजलेली कातडी मी पाहिली आहे.

मग चिमटीत ती जागा धरून हळू दाब वाढवायचा. किती? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असं धरलं तर पाच-सहापर्यंत. श्वास अडकला, चेहरा आवळला, की दाब जास्त झाला. तिथंच 30 सेकंद थांबा. चोळू नका, गोल फिरवू नका, नुसतं धरून ठेवा आणि श्वास सावकाश सोडत राहा. दुखणं उतरत उतरत दोन-तीनवर येतं, बोटाखालची दोरी जराशी मऊ होते. मग थोडा दाब वाढवा, पुन्हा थांबा. सगळं मिळून दीड मिनिटात संपवा. एका जागेवर दिवसातून दोनदा पुरे.

नवी होते तेव्हा मला वाटायचं, जितकं दुखेल तितकी गाठ फुटेल. कोपर लावून दाबायचे. एका शिक्षिकेच्या खांद्यावर काळंनिळं पडलं आणि ती चार दिवस हात वर करू शकली नाही. तिनं तक्रार केली नाही. फक्त परत आली नाही. गाठ फुटत नसते. तो स्नायू घाबरून आवळलेला असतो. जोर केला की तो आणखी आवळतो आणि दाब सोसवेल एवढा असला की सोडतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा सौम्य दाबसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

फऱ्याजवळच्या गाठीला स्वतःची बोटं पोचत नाहीत. तिथं टेनिसचा चेंडू मोज्यात घाला, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरा आणि भिंतीला पाठ लावून उभे राहा. चेंडू फरा आणि मणका यांच्या मधल्या मांसल भागात आला पाहिजे, मणक्याच्या हाडावर कधीच नाही. गुडघे थोडे वाकवले की चेंडू वर सरकतो, सरळ झालं की खाली. क्रिकेटचा सीझनचा चेंडू वापरू नका, फार टणक पडतो. कवटीच्या कडेसाठी दोन चेंडू एका मोज्यात गाठ मारून ठेवा, उताणं झोपून कवटीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंना येतील असे ठेवा आणि डोक्याचं वजन सोडून द्या. एक-दोन मिनिटं. जोर लावायची गरजच नाही, डोकं साडेचार-पाच किलोचं असतं.

मानेच्या पुढच्या बाजूला मात्र दाबायचं नाही. तिथं बोट ठेवलं तर ठोका लागतो. ती मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे. कानाखालचा तो तिरका स्नायू घ्यायचाच असेल तर चिमटीत अलगद उचलून धरतात, आत दाबत नाहीत, आणि तेही पहिल्यांदा कुणा जाणकाराकडून शिकून.

आखडलेला स्नायू लांब करणं

दाबल्यावर मान हलकी वाटते. बहुतेक लोक इथंच थांबतात आणि म्हणून तीच गाठ दर आठवड्याला घेऊन येतात. दाबून मिळालेला हलकेपणा तास-दोन तासांचा, फार तर दिवसभराचा असतो. पुढचं काम त्या वेळातच उरकायचं असतं.

नुसतं ओढून ताण देण्यापेक्षा मला प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांची रीत आवडते. स्नायूला आधी थोडंसं काम द्यायचं, मग त्याला सैल पडू द्यायचं. उजव्या खांद्यासाठी असं करा. उजव्या हाताने खुर्चीच्या बैठकीची कड पकडा म्हणजे खांदा वर चढणार नाही. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाच्या वर ठेवा आणि डोकं डावीकडे कलवा, जिथं पहिला ताण लागेल तिथंच थांबा. आता डोकं उजवीकडे यायचा प्रयत्न करतंय आणि डावा हात त्याला अडवतोय, असं 10 सेकंद. जोर दोन बोटांनी अडेल एवढाच, त्याहून जास्त नाही. या वेळी सावकाश श्वास आत. मग श्वास सोडा आणि त्याबरोबर सगळं सोडून द्या. डोकं आपोआप बोटभर आणखी कलतं. ते तुम्ही ओढायचं नाही, त्याचं त्याला जाऊ द्यायचं. जिथं पोचलं तिथून पुन्हा तेच. तीन ते पाच वेळा.

मान वळत नसेल तर यातच थोडा बदल: डोकं कलवण्याऐवजी नाक डाव्या काखेकडे न्या, जणू काखेचा वास घेताय, आणि हात डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवा. बाकी सगळं तसंच. माझ्याकडच्या शिंप्यांना हा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त लागू पडतो, कारण ते एकाच बाजूला झुकून सुईखाली बघत असतात.

पकडलेल्या मानेला ताकद

पाठ्यपुस्तकात मानेचं चित्र पाहिलं तर पुढच्या बाजूला, घशाच्या मागे, मणक्यांना चिकटून खोल स्नायू दिसतात. मान महिनोन्‌महिने दुखली की पुष्कळांत ते सुस्तावतात आणि त्यांचं काम वरचे मोठे स्नायू ओढत राहतात. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट ग्वेंडोलेन जल यांनी यावर आयुष्यभर काम केलं. दवाखान्यात मी मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवते, तिला जोडलेल्या दाबमापकावर 20 (पाऱ्याचे मिलिमीटर) पर्यंत फुगवते आणि रुग्णाला हळूहळू काटा 22, 24 असा 30 पर्यंत न्यायला सांगते. घरी पिशवीची गरज नाही. उताणं झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. "हो" म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी खाली. डोकं उचलायचं नाही. एक हात गळ्यावर अलगद ठेवा. कानाखालचे दोर टरारून वर आले तर तुम्ही जास्त जोर करताय. 10 सेकंद धरा, दहा वेळा. दिसायला हा व्यायाम काहीच वाटत नाही आणि म्हणूनच लोक सोडून देतात. सहा आठवडे द्या.

दुसरा व्यायाम खांद्यांचा. 2011 साली डेन्मार्कमध्ये 198 ऑफिस कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या या लोकांना दहा आठवडे रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलायचा व्यायाम दिला. काहींना रोज दोन मिनिटं, काहींना बारा. दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झालं. रोज दोन मिनिटं! वेळ नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. रबरी पट्टा विकत घ्यायचा नसेल तर सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, वॉल्व्ह कापून टाका. ट्यूबवर पाय ठेवा, दोन्ही टोकं हातांत, कोपरं किंचित वाकलेली, हात बाजूला आणि थोडे पुढे खांद्यापर्यंत उचला, सावकाश खाली. थकेपर्यंत, पण दोन मिनिटांच्या आत. झालंच तर तीच ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढा, विहिरीतून पोहरा ओढल्यासारखी. पहिल्या आठवड्यात खांदे दुखतील, ते कामाचं दुखणं, दोन दिवसांत जातं.

यंत्रांबद्दल लोक फार विचारतात. "मॅडम, करंट लावा, लाईट लावा." टेन्स आणि आयएफटी ही हलका करंट देणारी यंत्रं, आणि ध्वनिलहरींनी शेकणारा अल्ट्रासाउंड, माझ्याकडेही आहेत. करंटाने काही वेळ बरं वाटतं, तेवढ्यापुरता तो ठीक आहे. अल्ट्रासाउंडचा मानेच्या गाठीवर फारसा उपयोग दिसलेला नाही. दहा दिवस नुसत्या यंत्राखाली झोपवून कुणी पैसे घेत असेल आणि एकही व्यायाम शिकवत नसेल, तर दवाखाना बदला. मानेला बांधायचा पट्टा (कॉलर) दोन-तीन दिवसांच्या वर नको, मान आणखी कमजोर होते. ड्राय नीडलिंगमध्ये बारीक, औषध नसलेली सुई थेट गाठीत घालतात, स्नायू एकदम फडफडतो आणि सुटतो. काही जुन्या गाठींना याने चांगला उतार पडतो. पण खांद्यावरच्या स्नायूखाली फुफ्फुसाचं टोक असतं, म्हणून हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच.

एमआरआयचा कागद घेऊन रडत येणाऱ्यांसाठी एक आकडा. जपानमध्ये मानेची कसलीच तक्रार नसलेल्या 1211 लोकांचा एमआरआय केला, तर 87.6 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. कागदावरचा "गॅप" म्हणजे तुमचं दुखणं असेलच असं नाही.

बसायची जागा

जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टर होत्या, 1901 साली जन्मलेल्या. आज आम्ही गाठींबद्दल जे बोलतो त्यातलं बरंचसं त्यांनी आणि डेव्हिड सायमन्स यांनी मांडलं. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या त्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. केनेडींच्या पाठीत त्यांनी इंजेक्शनं दिली, आणि त्याचबरोबर त्यांना झुलती खुर्ची वापरायला लावली. रुग्ण कशावर बसतो, हे त्या सुईइतकंच महत्त्वाचं मानत. मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात जास्त भावतं.

त्या अक्काचं डोकं दर दहा दिवसांनी परत दुखायला लागलं तेव्हा मी एका रविवारी तिच्या घरी गेले. भिंतीला न टेकता जमिनीवर मांडी, मांडीत सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री. हनुवटी छातीला लागलेली. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. आम्ही सूप मांडीतून काढून पाटावर ठेवलं, पाटाखाली दोन विटा. तिला भिंतीला टेकवलं, पाठीमागे गोधडीची वळकटी. शंभर विड्या झाल्या की सूप सोडून उठायचं, खांदे दहादा मागे फिरवायचे, माठातलं पाणी प्यायचं आणि परत बसायचं. सरळ ताठ बसून राहा असं मी कुणालाच सांगत नाही. कुठलीही बैठक तासभर धरली की दुखतेच, मग ती ताठ असो की वाकलेली. पेपर तपासणाऱ्यांनी गठ्ठा दोन जाड पुस्तकांवर ठेवावा. मोबाइल बघताना कोपर उशीवर टेकलं की फोन वर येतो. झोपताना एक उशी, कुशीवर असाल तर खांदा आणि कान यांतली पोकळी भरेल एवढी जाड.

तीन आठवड्यांत निम्मा फरक पडायला हवा. नाही पडला, किंवा दुखणं हातात उतरू लागलं, तर घरचे उपाय थांबवून तपासायला या.

अक्का मागच्या महिन्यात आली होती. डोक्याचं काही बोलली नाही. ट्यूब पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, "ही आता सैल लागतेय, मॅडम. मोटरसायकलची आणू का?" ती फार जाड पडते. सायकलचीच दुहेरी करून धर म्हटलं, आणि पहिले चार दिवस एकच मिनिट कर.